ती वही मालकांना दाखवू नका

प्रश्न : ताई, गेली १४ वर्षं मी एका वस्तीतल्या बारमध्ये काउंटरला आहे. बार छोटा आहे, आठ टेबलं आणि काउंटरपुढची सहा स्टुलं. येणारे बहुतेक रोजचेच. माझ्यानंतर तीन वर्षांनी एक जण लागला. आता तो मॅनेजर आहे. खरेदी, हिशेब, पोरांच्या ड्यूट्या सगळं त्याच्याकडे. बाटल्या आणि गिऱ्हाईक मी सांभाळतो. इतकी वर्षं आमचं चांगलं होतं. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा महिनाभर त्याने माझी रात्रीची पाळी काढली होती.

सहा महिन्यांपूर्वी मालकांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, गुडघे आता साथ देत नाहीत, मुलांना यात रस नाही, तुमच्यापैकी कुणीतरी घ्या, बाहेरच्याला द्यायची माझी इच्छा नाही. वर्षअखेरपर्यंत काय ते ठरवा. त्या दिवसापासून आम्ही कामापुरतंच बोलतो. तो गिऱ्हाइकांना सांगत असतो, ‘पुढच्या वर्षी या, बार ओळखू येणार नाही.’ मीही एक-दोघांना बोलून गेलो, की हा मालक झाला तर मी इथं दिसणार नाही. पोरांमध्ये दोन गट पडलेत. त्याच्या मेहुण्याकडे पैसा आहे. माझी साठवण निम्म्यालाही पुरणार नाही, कर्ज काढावं लागेल.

पण मालकांनी मला शब्द दिला होता. पाच-सहा वर्षं झाली असतील. शटर अर्धं खाली ओढलं होतं, आम्ही दोघंच होतो. म्हणाले, ‘मी थकलो की हे तुझंच आहे.’ आता विषय काढला की नुसते हसतात.

दुसरं म्हणजे, चार महिन्यांपासून मी एक वही ठेवली आहे. तो मित्रांना, पुरवठादारांच्या माणसांना फुकट पाजतो. तारीख-वेळेसकट ४३ नोंदी झाल्यात. वही मालकांना दाखवू का? शब्दाची आठवण देऊ का? बायको म्हणते, दोघं मिळून घ्या नाहीतर नाद सोडा. त्याच्याबरोबर भागीदारी करायची तर मग भांडलो कशाला? बार माझाच आहे असं मला वाटतं, हे चूक आहे का?

— काउंटरमागचा

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मी एक आकडा शोधत होते, तो सापडला नाही. बार महिन्याला सुटतो किती? १४ वर्षं, आठ टेबलं, सहा स्टुलं, ४३ नोंदी, सगळं तुम्ही मोजून लिहिलंय. पण ज्यासाठी भांडण चाललंय त्याचा नफा किती, भाडेकरार अजून किती वर्षांचा, लायसन्स कुणाच्या नावावर, पुरवठादारांचं देणं किती, यातलं अवाक्षरही नाही. असं वाटतं, की तुम्हाला ते माहीत नाही. ते त्याला माहीत आहे. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसणारा माणूस हल्ली एकटा का येतो, कुणाला तिसऱ्या पेगनंतर गोडीत घरी पाठवायचं, हे त्याला माहीत नसणार. एकच बार दोघांनी अर्धा-अर्धा पाठ केलाय आणि प्रत्येकाला आपला अर्धा म्हणजेच सगळा बार वाटतोय.

आधी वहीचं बोलू, कारण ती तुमच्या खिशात जळतेय.

मी बावीस वर्षं छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिले. अशा वह्या पुष्कळ पाहिल्या. एका छापखान्यात दोन कारागीर होते, दोघांनी एकमेकांच्या चुकांच्या वह्या ठेवल्या होत्या आणि धंदा आपल्याला मिळावा म्हणून दोघांनीही त्या मालकांपुढे ठेवल्या. मालकांनी दोन्ही शांतपणे वाचल्या, परत दिल्या आणि छापखाना पुतण्याला देऊन टाकला. त्या पुतण्याला शाईचा वाससुद्धा सोसत नव्हता.

तुमच्या मालकांपुढे वही ठेवलीत तर ते पहिला प्रश्न त्याला विचारणार नाहीत, तुम्हाला विचारतील : ‘चार महिने गप्प का बसलास?’ चोरी होत होती असं म्हणावं, तर तुम्ही ती ४३ वेळा होऊ दिलीत. चोरी नव्हती म्हणावं, तर मग वही कशासाठी? शिवाय पुरवठादाराच्या माणसाला पाजलेला पेग हा फुकटच असतो असंही नाही. त्याच्या जिवावर माल आठवडाभर उधार मिळत असेल, तुटलेल्या बाटल्या बदलून मिळत असतील. मालकांनी त्याला तशी मुभा दिली असणं अगदी शक्य आहे. मित्रांना पाजलेल्याचं समर्थन मी करत नाही.

आता तुमच्याकडे वळते. राग आला तर येऊ द्या. तुम्ही ओतता ते मापाने की हाताने? १४ वर्षं काउंटरला काढलेला माणूस बहुधा हातानेच ओततो, आणि हात कधी चुकत नाही याचा त्याला अभिमानही असतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ३० चे बरोब्बर २५ पेग बसतात. हात जरा सैल पडून ३० चे ३५ झाले, की बसतात २१ आणि तळाला थोडी उरते. म्हणजे बाटलीमागे साडेतीन पेगांहून जास्त गेले. तुमच्या वहीत नोंदीला एक पेग धरला, तर ४३ पेग अशा बारा बाटल्यांत वाहून जातात. बारा बाटल्या तुमच्याकडे किती दिवसांत संपतात? चार महिने नक्कीच लागत नसतील. रोजच्या माणसाचा पेग थोडा भरून द्यायचा, यात तुमचा स्वभाव आहे, आणि गिऱ्हाईक त्यासाठीही येतं, हे मला कळतं. पण त्याचं पाजणं वहीत आणि तुमचं पाजणं स्वभावात, असा हिशेब मी कुणाला करून दिला नसता.

तेव्हा वही मालकांकडे जाणार नाही. तिचं काय करायचं ते शेवटी सांगते.

शब्दाबद्दल. शटर अर्धं खाली, दिवसाचा गल्ला मोजून झालेला, दमलेला मालक आणि समोर सगळ्यात जुना माणूस. अशा वेळी माणूस जे बोलतो ते खोटं नसतं. पण ते खरेदीखतही नसतं. मला पैज लावायची झाली तर मी म्हणेन, की असंच एखादं वाक्य त्यांनी हिशेबाच्या टेबलावर त्यालाही ऐकवलं असेल, आणि तेव्हाही ते मनापासूनच बोलले असतील.

नुसत्या तोंडी बोलण्यावर मालमत्ता मिळाल्याची उदाहरणं नाहीत असं नाही. इंग्लंडमधल्या एका शेताचा खटला २००९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला होता. नात्यातल्या एकाने जवळजवळ ३० वर्षं त्या शेतावर पगार न घेता राबून काढली. शेतमालक अबोल होता. ‘हे तुला देईन’ असं त्याने सरळ कधी म्हटलंच नाही, सूचक बोलला, सूचक वागला. तो मृत्युपत्राविना गेला. न्यायालयाने शेत राबणाऱ्याला दिलं. पण निकाल फिरला तो कशावर, ते बघा. भरवसा ठेवून त्या माणसाने आयुष्याची दुसरी वाट सोडली आणि पगारही घेतला नाही. तुम्हाला दर महिन्याला पगार मिळाला. टिप मिळाली. मधल्या काळात दुसरीकडची मोठी नोकरी तुम्ही या शब्दाखातर नाकारली असेल तर गोष्ट थोडी वेगळी, आणि मग तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारा. पत्रात तसं काही दिसत नाही.

म्हणून शब्दाची वसुली करायला जाऊ नका. हसतात, कारण त्यांना अवघडल्यासारखं होतं. तुम्ही अजून दाबलंत तर हसणंही बंद होईल. त्यापेक्षा विचारा : ‘शेठ, तेव्हा तुम्ही बोलला होतात. फुकट द्या असं मी म्हणत नाही. मला हप्त्यांनी द्याल का?’ तो शब्द बार मिळवायला अपुरा आहे, मुदत मिळवायला पुरेसा आहे. छोटे धंदे असे पुष्कळ विकले जातात. थोडी रक्कम आधी आणि बाकीची काही वर्षं धंद्याच्या कमाईतून. यात तुमचा आणखी एक फायदा आहे. हप्ते बाकी असेपर्यंत बार चालावा ही गरज मालकांचीही राहते, आणि जुन्या पुरवठादारांना ते एखादा फोन करतात.

‘बार माझाच आहे असं वाटणं चूक आहे का’ असं विचारलंत. चूक नाही. पण तो मोजायला बसलात की गडबड होते. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं होतं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. बहुतेक कामांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. कुणी थापा मारत नव्हतं. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलं तेव्हा आपण तिथं नसतो, एवढंच. तो महिन्याच्या शेवटी करांचे कागद भरत बसतो तेव्हा तुम्ही घरी झोपलेले असता. तुम्ही रात्री दीड वाजता रडणाऱ्या माणसाचं ऐकून घेता तेव्हा तो निघून गेलेला असतो. तुम्ही तुमचा वाटा सत्तर टक्के सांगाल, तो त्याचा साठ सांगेल, आणि बार मात्र एकच आहे.

तरी आईच्या आजारपणातला तो महिना तुम्ही न विचारता पत्रात लिहिलात. वहीत तो नाही, पत्रात आहे. मला तुमच्याबद्दल आशा वाटते ती तेवढ्यामुळे.

आणि ‘माझा’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही दोघंच आहात असं समजू नका. लंडनच्या नन्हेड भागात आयव्ही हाउस नावाचा पब आहे. तो हातचा जाणार असं दिसलं तेव्हा तिथल्या रहिवाशांनी, २०११ च्या एका कायद्याने लोकांना अशी जागा घ्यायची संधी मिळते तिचा वापर करून, २०१३ साली तो स्वतःच विकत घेतला. काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्यांनाही तो आपला वाटत होता. तुमच्या त्या सहा स्टुलांवरच्या लोकांना तुम्ही दोघं मिळून गेले सहा महिने सांगताय, की एक तर बार ओळखू येणार नाही, नाहीतर मी दिसणार नाही. त्यांनी दोन्ही ऐकलं. रोजचा माणूस भांडण बघायला येत नाही, ते त्याच्या घरी असतं. तो हळूच दुसरीकडे बसायला लागतो, आणि एकदा तिथं त्याची जागा ठरली की परत येत नाही.

इथं मला जरा थांबायचंय, कारण तुम्ही नेमकं काय विकत घेणार आहात हे कुणी बोललेलंच दिसत नाही. आठ टेबलं, सहा स्टुलं, फ्रिज, काचसामान यांना मोडीचा भाव येतो. स्टॉकची किंमत एका दिवसात मोजून होते. उरतात तीन गोष्टी. पहिली लायसन्स. ते बाटलीसारखं उचलून दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. बहुतेक ठिकाणी ते ठरावीक माणसाला ठरावीक जागेसाठी मिळालेलं असतं. नाव बदलायला सरकारी मंजुरी लागते, घेणाऱ्याची चौकशी होते, वेळ जातो. म्हणून करारात असं असावं, की लायसन्स नावावर झालं तरच व्यवहार पुरा, नाही झालं तर विसार परत. दुसरी गोष्ट जागा. ती मालकांची स्वतःची आहे की भाड्याची? भाड्याची असेल तर घरमालकाची संमती लागेल, आणि कराराला दीड वर्ष उरलं असेल तर तुम्ही दीड वर्षाचा बार विकत घेताय, किंमत काहीही सांगोत. तिसरी गोष्ट गुडविल, म्हणजे संध्याकाळी सात वाजता पाय आपोआप इकडे वळणारी माणसं. ती कुठल्याही कागदावर मिळत नाहीत. ती निम्मी तुमच्यामुळे येतात, आणि आलेल्यांना ग्लास स्वच्छ, बर्फ तयार आणि बिल बरोबर मिळतं ते त्याच्यामुळे.

तो जिंकला आणि तुम्ही गेलात, तर त्याने पूर्ण पैसे मोजून अर्धा बार घेतला. तुम्ही जिंकलात आणि तो गेला, तरी तेच. मालक मात्र किंमत दोघंही आत असलेल्या बारची सांगणार.

मालकांबद्दलही एक बोलते. प्रेमळ असतील. पण दोन माणसांना समोरासमोर बसवून ‘तुमच्यापैकी कुणीतरी घ्या’ म्हणणं हा लिलाव आहे, मग त्यांच्या ते लक्षात असो वा नसो. लिलावात काय होतं ते तेल कंपन्यांना महागात शिकायला मिळालं. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या बोलींवर तीन अभियंत्यांनी १९७१ साली लिहिलं होतं. समुद्राखाली तेल किती हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं, प्रत्येक जण अंदाज बांधतो, आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला तोच बोली जिंकतो. जिंकला याचाच अर्थ बहुधा जास्त मोजले. तिथं निदान अंदाज तेलाचा होता. तुमच्यात बोली वाढेल ती ‘याला मिळू द्यायचं नाही’ यावर. तुम्ही त्यासाठी कर्ज काढणार, आणि हप्ता मागायला येणाऱ्याला तुम्ही कुणाला हरवलंत याच्याशी काही घेणंदेणं नसतं.

तर आता काय करायचं. पहिल्यांदा हिशेब मागा, आणि एकट्याने मागू नका. त्याला बरोबर घेऊन मालकांकडे जा आणि मागच्या तीन वर्षांचे आकडे दोघांना एकाच वेळी दाखवायला सांगा. विक्री, खरेदी, भाडं, पगार, कर, देणी. त्यात वर्षातले सगळ्यांत पडेल तीन महिने शोधा. भरलेल्या महिन्यांवर कर्ज काढणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्या पडेल महिन्यांत पोरांचे पगार, भाडं, हप्ता आणि तुमचा स्वतःचा पगार निघतो का? आणखी एक जागा बघा. मालक अजून संध्याकाळी गल्ल्यावर बसतात का? बसत असतील तर त्यांचा पगार वह्यांत कुठेच नसेल. उद्या त्या खुर्चीत कुणाला बसवलंत की नफा तेवढा खाली येतो. जुनी देणी कुणाच्या डोक्यावर राहणार तेही लेखी घ्या. धंदा कंपनीच्या नावावर असेल आणि तुम्ही कंपनीच घेतलीत, तर तिची कर्जं, थकलेला कर, सगळं तुमच्या घरी येतं.

आकडे बघून कदाचित दोघांनाही घाम फुटेल, आणि भांडायला काही उरणार नाही. तेही चालेल. वहिनींच्या वाक्याचा दुसरा भाग, नाद सोडा, हा खुळचट नाही.

आकडे बरे निघाले तर मात्र माझं मत त्यांच्या पहिल्या भागाकडे आहे. मिळून घ्या. हे मी आनंदाने सांगत नाही. मी स्वतः एका मैत्रिणीबरोबर क्लास काढला होता. पाटीवर कुणाचं नाव आधी, यावर पहिला महिना गेला, आणि तिसऱ्या वर्षी ती गेली तेव्हा बाकांची वाटणी आम्ही जिन्यात उभं राहून केली. सगळं प्रेमाने ठरवलं होतं, लिहिलं काहीच नव्हतं. पण ती वेगळी गोष्ट होती. आम्हा दोघींना एकच काम येत होतं. तुम्हा दोघांची कामं एकमेकांत येत नाहीत, अकरा वर्षं तसंच चालत आलंय. फक्त वर मालक होते. उद्या वर कुणी नसेल, त्या रिकाम्या जागी कागद लागेल.

कागदात काय असावं? पैशाचा वाटा आणि कामाचा मोबदला यांची सरमिसळ नको. त्याने साठ टक्के पैसे घातले तर साठ टक्के मालकी त्याची, पण काउंटरवर उभं राहायचा पगार तुम्हाला वेगळा, हिशेबाचा पगार त्याला वेगळा, आणि दोन्ही नफा वाटण्याच्या आधी. मेहुण्याचं आधीच ठरवा. तो कर्ज देतोय की वाटा घेतोय? कर्ज देत असेल तर व्याज आणि मुदत लिहून मोकळे व्हा. वाटा घेत असेल तर तुमचा एक भागीदार असा असणार जो कधी ग्लास विसळणार नाही, आणि दर रविवारच्या जेवणात तुमच्याबद्दल मत देणार. मी असते तर कर्जाचाच आग्रह धरला असता.

निम्मे-निम्मे केलंत तर अडल्यावर सोडवायचं कुणी, तेही लिहा. खरेदीत त्याचा शब्द शेवटचा, काउंटरवर तुमचा, आणि मोठ्या खर्चाला दोघांच्या सह्या, हे मला पुरेसं वाटतं. फुकट पाजायचा महिन्याचा आकडा ठरवा, दोघांना सारखा, आणि त्याची नोंद गल्ल्याशेजारच्या उघड्या वहीत. माप दोघांनीही वापरायचं. हो, तुम्हीसुद्धा.

मग फुटायचं झालं तर कसं, हे. वकील बहुधा एक चलाख कलम सुचवतील. एकाने किंमत सांगायची, दुसऱ्याने ठरवायचं, की त्या किमतीला आपला वाटा विकायचा की समोरच्याचा घ्यायचा. ऐकायला न्याय्य वाटतं, कारण किंमत सांगणारा वाकडी किंमत सांगूच शकत नाही. पण दोघांचे खिसे सारखे असतील तरच. तुमच्याकडे ऐनवेळी पैसे नसणार हे त्याला माहीत आहे. तो कमी किंमत सांगेल आणि तुम्हाला विकण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. मेहुणा त्याच्या बाजूला उभा असताना तुम्ही या कलमावर सही करू नका. त्याऐवजी त्रयस्थ माणसाकडून मूल्यांकन आणि जाणाऱ्याचे पैसे दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत, असं घ्या. दोघांपैकी कुणी आजारी पडलं किंवा गेलं तर वाटा घरच्यांकडे जाणार की त्याचे पैसे, तेही त्यातच.

आणि तो भागीदारीला नाहीच म्हणाला तर? मग मालकांना सांगा की बोली लावायची नाही. त्रयस्थाने काढलेली एकच किंमत, ज्याला जमेल त्याने घ्यावं. त्याला जमलं आणि तुम्हाला नाही, तर जाण्याआधी स्वतःला एकदा विचारा, की तुम्हाला मालक व्हायचं होतं की तो मालक झालेला बघवत नव्हता. काउंटर, गिऱ्हाईक आणि चांगला पगार एवढं राहत असेल, तर मालकीतले कर आणि लायसन्सचे हेलपाटे त्याला लखलाभ, असंही एखाद्या सकाळी वाटू शकतं. वाटलं नाही तर खुशाल निघा, पण गिऱ्हाइकांना बोलावून नेत निघू नका.

आता वही. मालकांना दाखवू नका म्हटलं, त्याला दाखवा. कुठल्याही कागदावर सही होण्याआधी. नाहीतर ती कळेलच. पोरांचे दोन गट पडलेत म्हणता, त्यातल्या एकाने तरी तुम्हाला लिहिताना पाहिलंच असेल. पण आधी एक आठवडा त्याच वहीच्या मागच्या पानापासून स्वतःच्या नोंदी करा. रोज रात्री काउंटरवरच्या उघड्या बाटल्या मोजायच्या, किती विकलं आणि किती ओतलं त्यातला फरक लिहायचा, तारीख-वेळेसकट. मग बार उघडायच्या तासभर आधी, टेबलांवरच्या खुर्च्या उतरवायच्या आत, त्याला बसवा आणि सरळ सांगा, ‘मी तुझ्यावर वही ठेवत होतो. मागच्या बाजूला माझंही आहे. बघ.’

तो चिडेल. शिवी देईल. तुम्ही उठू नका, आईच्या दवाखान्याचा विषयही काढू नका. ते त्याला काढायचं असेल तर तो काढेल. आणि त्याने टेबलाच्या खणातून स्वतःची एखादी वही काढली, तर दोघांच्या तारखा जुळवून बघा आणि मला कळवा. मला फार उत्सुकता आहे.